सक्ती उठल्यावर

आरोग्य कर्मचाऱ्यांवरची लसीची सक्ती उठवणारा कायदा मंजूर झाला, त्या संध्याकाळी मेट्रन रूथबाई वैजयंताच्या घरी गेल्या. लस नाकारली म्हणून त्यांनीच तिला कामावरून काढलं होतं. इतक्या हलक्या हाताची नर्स त्यांना पुन्हा मिळाली नव्हती.

वैजयंता अंगणात खाटेवरच्या कुरडया डब्यात भरत होती.

“आता लसीचं कुणी विचारणार नाही. परत ये,” रूथबाई म्हणाल्या.

“लस घेतली मी, बाई. सासूबाई गेल्यावर. आजार माझ्याकडूनच लागला त्यांना.”

रूथबाईंनी हळूच विचारलं, “तेव्हाच का नाही घेतलीस?”

“इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन येऊन माझा भाऊ डोळ्यांदेखत गेला होता. दुसऱ्यांना सुई टोचताना काही वाटायचं नाही. स्वतःची वेळ आली की भाऊच समोर दिसायचा. तुम्ही नोटीस दिलीत. जवळ बसून नुसतं ‘का’ एवढं विचारलं असतंत, तर घेतली असती.”

“आता बसू का?” रूथबाईंनी विचारलं.

वैजयंताने कुरडया सरकवून खाटेवर जागा केली. परत येईन, असं मात्र ती म्हणाली नाही.