महाराणींचे यजमान

तांदळाच्या दारूचं मडकं काखेत मारून मान्सू नेहमीसारखा बायकोच्या थडग्यापाशी आला, तर तिथे नवीकोरी लाल कमान उभी होती आणि कमानीखाली भालेवाला.

“गुडघे टेका, म्हातारबा. आत महाराणी आहेत.”

“महाराणी कसली? बायको आहे ती माझी! जन्मभर मुळ्याचं लोणचं विकलं तिनं.”

भालेवाल्याशेजारी वही घेऊन बसलेल्या दरबारी कारकुनाने समजावून सांगितलं. मान्सूची लेक राजवाड्यात दासी होती, ती राजाच्या मनात भरली आणि आता तिचाच मुलगा कोरियाच्या गादीवर बसला होता. गादीवर बसताच त्याने रिवाजाप्रमाणे दिवंगत आजीला महाराणी केलं होतं.

“आणि मी? मी आजोबा नाही होय त्याचा?”

“तुमचीही पदवी तयार आहे. पण ती मेल्यावरच मिळते. तुम्ही निवांत घ्या, आम्हाला घाई नाही.”

तोवर मान्सू साधी रयत. महाराणींना ‘अगं’ म्हटलं, तर पंचवीस फटके.

कण्हत कण्हत त्याने गुडघे टेकले, कपाळ मातीला लावलं. “महाराणीसाहेब, आपलं लोणचं खारट असतं, असं मी चाळीस वर्षं म्हणत आलो. ते खोटं होतं. मी चोरून खायचो.”

कारकुनाने तेही राजघराण्याच्या बखरीत टिपून घेतलं.

“लिहाच,” मान्सू डोळे पुसत म्हणाला. “माझ्या तोंडी बोलण्यावर तिचा... चुकलो, त्यांचा कधीच विश्वास बसला नाही.”