नासलेला काढा

वाशीमच्या कॉलेजातला फ्रीज बंद पडला, म्हणून सुकेशनीनं आपल्या संशोधनाची बाटली घरच्या फ्रीजमध्ये आणून ठेवली होती. सकाळी बघते तर बाटली धुऊन पुसून ओट्यावर पालथी घातलेली.

"आई, याच्यातला काढा कुठं गेला?"

"तो कडूनिंबाचा? नासला होता माय. काळाकुट्ट झाला होता, देला फेकून."

सुकेशनीनं रिकामी बाटली उचलून उजेडात धरली. "अवं, काळा झाला म्हंजेच जमला होता! त्याच्यात लोखंडाचा क्षार टाकला होता मी, त्याच्यातून लोखंडाचे कण तयार झाले होते, डोळ्याले न दिसनारे. घान पानी साफ करतेत ते. परवा अमरावतीच्या परिषदेत दाखवाचा होता मले."

आईचा, लिलाबाईचा, चेहरा उतरला. तिनं भीतभीतच विचारलं, "घान पानी म्हंजे कोनतं व?"

"आपल्या दारातल्या नालीचं असते तसं."

"मंग तिथंच तं ओतला मी."

सुकेशनीला रडायचं होतं, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं. उलट हसूच आलं. असला काढा घेऊन ती आजवर कुठल्या कुठल्या शहरांतल्या परिषदांना जाऊन आली होती. नालीपर्यंत तो आज पहिल्यांदाच पोचला होता.