मैत्रिणीकडे

बोटीतून उतरताना त्याने हात पुढे केला, तर तिने आधी इकडेतिकडे पाहून घेतलं आणि मगच तो धरला.

"घरी कळलं तर?" तो पुटपुटला.

"कळू दे. फासावर थोडीच देणार आहेत!"

घरी तिने 'मैत्रिणीकडे जाते' अशी थाप मारली होती आणि त्याने कुठल्याशा मित्राचं नाव पुढे केलं होतं. त्या एवढ्याशा बेटावर दोघं माडांच्या सावलीत मनसोक्त लोळली. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी लहान पोरांसारखं एकमेकांना भिजवलं.

आणि मग तिचा फोन वाजला. तिकडे तिचा थोरला मुलगा भडकला होता.

"आई, तुझी मैत्रीण इथे आपल्या दारात उभी आहे! तू आहेस कुठे? आणि कुणाबरोबर?"

काहीतरी सांगून वेळ मारून ने, असं त्याने खुणेनंच विनवलं. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि आवाज चढवला.

"तुझ्या बापाबरोबर! तुला पोरं सांभाळायला आई हवी, धाकट्याला कुत्रा फिरवायला बाप हवा. आमची वाटणी करताना आम्हाला विचारलं होतंत? मग एकत्र यायला आम्ही तुम्हाला कशाला विचारू?"