दात आणि डोळे

सावनेरात कोणी ओळखीचं पाहील म्हणून साहिल एचआयव्हीच्या तपासणीला थेट नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आला. त्या भलत्या रात्रीनंतर तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तरच उपयोग, आणि आज तिसरा दिवस. तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते उमरेडचे रामाजी, त्याचे सख्खे सासरे.

"जवाईबुवा, तुम्ही इथं काहून?"

"दात दाखवाले आलो, मामाजी. अन् तुम्ही?"

"डोळे."

दारावरच्या पाटीकडे दोघांनीही पाहिलं नाही. जावई भेटला म्हटल्यावर सासरा त्याला उपाशी कसा जाऊ देणार? रामाजींनी आग्रहाने तर्री-पोहे खाऊ घातले, सावनेरच्या बसमध्ये खिडकीची जागा धरून दिली आणि बस सुटेपर्यंत हात हलवला. मग तेही तपासणी न करताच उमरेडच्या बसमध्ये चढले.

संध्याकाळी साहिलच्या बायकोने माहेरी फोन लावला. "आई, यांचे दात एकदम ठीक निघाले. बाबाचे डोळे?"

 

"तेही चांगलेच आहेत म्हणते वं. चल, दोन्ही घरची चिंता मिटली, पोरी."