दोन कोपर

"डक्टला वळणाचे दोन कोपर टाकले तर पंखा पुरत नाही," तो म्हणाला आणि लॅपटॉप ताईकडे वळवला. पडद्यावर हवेच्या दाबाची बेरीज मर्यादेबाहेर जाऊन लाल झाली होती.

"म्हणजे हा पत्र्याचा बोगदा हॉलमधून सरळ जाणार? पाहुणे विचारतील, विमान उतरवताय का."

"प्रत्येक वळणावर दाब मरतो, ताई. अण्णांच्या खोलीपर्यंत हवा पोहोचायला नको?"

आराखड्यात हवा नेणारा डक्ट एकच होता. एक जाळी अण्णांच्या खोलीत, दुसरी त्याच्या टेबलाच्या वर, छतापाशी. सॉफ्टवेअरच्या यादीत गोलाईचा कोपरही होता. त्याने काटकोनी निवडला होता, सर्वांत जास्त दाब खाणारा.

"मोठा पंखा घे मग. बापाच्या हवेतही काटकसर?"

त्याने नुसते डोळे चोळले. वाद घालायचं त्राण नव्हतं.

"आणि आरशात तोंड बघ. दिवसभर ऑफिसचं काम, वर हे. अण्णांच्या आधी तूच आडवा होशील."

मागच्या महिन्यात बंद दाराआड अण्णांचा श्वास कोंडला आणि घरात कुणाला पत्ताच लागला नाही. त्यानंतर ठेवलेली नर्स त्यांनी दोन दिवसांत पिटाळली. उशाशी लावलेली घंटा खिडकीतून फेकली. "माझे श्वास मोजत कुणी बसायचं नाही," म्हणाले आणि दाराला आतून कडी घातली.

अण्णा आता भिंत धरत बाहेर आले. आयुष्यभर त्यांनी डक्टचाच पत्रा वाकवला होता. चष्मा चढवून ते पडद्यावरचे काटकोनी कोपर बघत राहिले. मग त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली.

"हिशोब बरोबर आहे," ते म्हणाले. "सरळच टाक."

"झालं," ताई म्हणाली. "दोघांची गट्टी."

डक्ट बसला त्या दुपारी तो टेबलाशी काम करत होता. पंखा जेमतेम कुजबुजत होता. डोक्यावरच्या जाळीतून, मधे एकही वळण नसलेल्या कोऱ्या पत्र्यातून, अण्णांची घरघर स्वच्छ ऐकू येत होती. आत, बाहेर. आत, बाहेर. एवढ्यासाठीच तर त्याने ती बेरीज लाल केली होती.

त्याने किबोर्डवरून हात काढले, टेबलावर डोकं टेकलं आणि कित्येक दिवसांनी डोळे मिटले.

घरघर थांबली.

तो ताडकन उठला. तेवढ्यात जाळीतून अण्णांचा आवाज आला.

"टकटक बंद पडली तुझी. बरा आहेस ना रे?"