संशयित शब्द : भाकरी

संचारबंदी लागायला दहा मिनिटं होती आणि बरगड्या व्हायला चाळीस. रॉस्को टिलमनने घड्याळाकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं आणि बरगड्यांच्या बाजूने कौल दिला. मधोमध कापलेल्या तेलाच्या पिंपात सकाळपासून हिकरीच्या लाकडाचा धूर कोंडून त्याने ते डुकराचं मांस मऊ केलं होतं. महापौरबाईंनी संचारबंदी संध्याकाळी सहापासून लावली होती, यावरून त्यांना स्वयंपाकातलं काही कळत नाही हे उघड होतं.

"बाबा, आत चल," नाओमी दारातून म्हणाली.

"तू मला कायदा शिकवतेस? काल पोलिसांसमोर रस्त्यावर आडवी पडली होतीस ना?"

"मी डेल्रॉयसाठी पडले होते. तू बरगड्यांसाठी मरणार आहेस."

डेल्रॉय म्हणजे पलीकडच्या गल्लीतला न्हावी. काळ्या लोकांची अर्धी वस्ती त्याच्याकडे केस कापायची. आठवड्यापूर्वी तो स्वतःच्याच दुकानाला कुलूप लावत होता. पोलिसांना तो चोर वाटला आणि हातातल्या किल्ल्या पिस्तूल वाटल्या. त्यांनी त्याला गोळ्या घालून मारलं, तेव्हापासून नाओमी रोज मोर्चात होती. तिने फलक रंगवला होता : 'तिथे बॉम्ब, इथे गोळ्या, मालक एकच.' रविवारी त्या फलकाचं एक टोक बापाने धरावं, तेही इराकहून परत आणलेली वर्दी घालून, असा तिचा हट्ट होता.

रॉस्कोने फलक वाचला आणि परत केला. "डेल्रॉयसाठी मी चर्चमध्ये ढसाढसा रडलोय. पण माझ्या वर्दीला यात ओढू नकोस. ते वेगळं, हे वेगळं." त्यानंतर दोन दिवस बापलेक बोलले नाहीत. आजही ती बोलायला आलेली नव्हती, फक्त ताट न्यायला आली होती. निदान तिचं म्हणणं तसं होतं.

इराकची रॉस्कोकडे एकच गोष्ट होती. दर उन्हाळ्यात याच पिंपापाशी उभा राहून तो ती सांगायचा. त्यांची चिलखती गाडी एका गल्लीत शिरते. भोंग्यावरून हुकूम सुटतो, सगळ्यांनी घरात जा. सगळे जातात. एक म्हातारी मात्र दारातल्या तंदुरापाशी बसून राहते आणि हातवारे करत काहीतरी ओरडते. ओहायोचा ड्रायव्हर, एक नंबरचा गाढव, नुसतं इंजिन गुरगुरवत असतो. दुभाषा म्हणतो, साहेब, ती भाकरीबद्दल काहीतरी बोलतेय. मग साहेब घाम पुसत वही काढतात आणि लिहितात... इथे सगळे भाऊबंद एका सुरात ओरडायचे, "संशयित शब्द : भाकरी!" हसून हसून लोकांच्या हातातल्या बशा कलंडायच्या.

"मग पुढे काय झालं?" नाओमी लहानपणापासून तेवढंच विचारायची.

"पुढे काय व्हायचंय? गोष्ट संपली," असं म्हणून रॉस्को बरगड्या उलटायचा.

सहा वाजले आणि कोपऱ्यावरून वाळूच्या रंगाची चिलखती गाडी वळली. इथून हजार मैलांत कुठे वाळवंट नव्हतं. फौजेने वापरून टाकलेला माल पोलिसांनी उचलला होता आणि रंग बदलायचीही तसदी घेतली नव्हती.

"रॉस्को, तुझी जुनी मैत्रीण आली रे," शेजारच्या ओट्यावरून मिस अर्नेस्टीन ओरडल्या. त्या ऐंशी वर्षांच्या होत्या आणि संचारबंदी पोरासोरांसाठी असते अशी त्यांची समजूत होती.

"सगळ्यांनी घरात जा," भोंगा म्हणाला. "हे तुमच्याच सुरक्षेसाठी आहे."

रॉस्कोचा चिमटा हवेतच थांबला. शब्द तेच होते. क्रमही तोच.

"घरातच आहे मी!" तो ओरडला. "हे अंगण माझं आहे! आणि बरगड्यांना अजून अर्धा तास लागेल!"

भोंग्यातून नुसती खरखर आली. आत कुणीतरी कुणालातरी काहीतरी विचारत असावं.

"हातातली लोखंडी वस्तू खाली टाका!"

मिस अर्नेस्टीन खो खो हसल्या. नाओमीलाही हसू फुटलं. रॉस्को हसला नाही. इंजिनाचा आवाज बदलला होता. आतल्या माणसाने ब्रेकवरचा पाय काढला, हे त्याला कानाआधी तळपायात कळलं. गाडी फुटपाथवर चढली आणि कुंपणाची पहिली फळी मोडली.

नाओमी पायऱ्या उतरून धावत आली आणि तिने त्याची बाही धरली. "बाबा, पुरे झालं! बरगड्या गेल्या खड्ड्यात, आत चल!"

रॉस्कोने चिमटा गवतावर ठेवला. घडीची खुर्ची उचलली, पिंपाच्या पुढे, थेट गाडीसमोर मांडली आणि तिच्यात बसला. त्याला भयंकर भीती वाटत होती.

"रविवारी फलकाचं कुठलं टोक धरायचं?" त्याने विचारलं.

"बाबा, ऊठ! ते थांबणार नाहीत!"

"माहीत आहे." त्याने गाडीवरची नजर काढली नाही. "पुढे काय झालं, विचारायचीस ना? म्हातारी उठली नाही. आणि ओहायोचा कुणी ड्रायव्हर नव्हता, नाओमी. गाडी मी चालवत होतो."