जागच्या जागी

पुढे रामप्रसाद पळत होता, आणि त्याच्या कोपराला लागेल इतक्या जवळून त्याच्या थोरल्या भावाची, आबारावची, मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये रखडत येत होती. महामार्गावरून शहागडकडे जाणारे ट्रक सर्व्हिस रोडवरच्या या विचित्र जोडीवर धूळ टाकून जात होते. आईच्या तेराव्यापासून या दोघांत शब्द उरला नव्हता. आता तो आधी कोणी उच्चारावा, हेही ठरलेले नव्हते.

"बस," अखेर आबाराव म्हणाला.

"नको. तू हो पुढं."

वाक्य तोंडातून निसटले तेव्हा रामप्रसादला कळले, की हे आपण भावाला म्हटलेलेच नाही. हृदयाच्या दुखण्यातून उठल्यावर तो जालन्याहून शेतावर राहायला आला होता, डॉक्टरांच्या आज्ञेने रोज सकाळी पळत होता, आणि रोज सकाळी वडीगोद्रीची गावातली झाडून सारी वाहने त्याच्यापाशी थांबत होती. पायी दिसलेल्या माणसाला मागे न बसवता पुढे जाणे हा या रस्त्यावर अपमान होता, आणि बोलावूनही न बसणे हा त्याहून मोठा. ओळखीचे थांबत, अनोळखी थांबत. काल तर उसाने लादलेला ट्रॅक्टर थांबला होता. प्रत्येकाला तो हेच उत्तर देत आला होता. सवयीने ते भावालाही दिले गेले.

"कोणाचं काय झालं, म्हणून पळून राह्यला?" आबारावने विचारले.

"पळत न्हाई. जॉगिंग करून राह्यलो."

"फरक काय त्याच्यात?"

हा प्रश्नही रोजचाच. रामप्रसाद वैतागून म्हणाला, "पळणं म्हंजे कुठंतरी जल्दी पोचायचं आसतं. ह्याच्यात कुठं जायचंच नसतं."

"कुठं जायचं न्हाई, आन् गाडीवर बसायला टाइम बी न्हाई. बराबर हाये."

समोरून बिभीषण दुधाचे कॅन लटकावून आला. "जोरात मामा, जोरात! आबा धरतेत तुम्हाला!" असे ओरडून तो हसतच निघून गेला. भाऊ हसले नाहीत.

मग मोटारसायकलने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. आबारावने किक मारली. पुन्हा मारली. रामप्रसाद वळून त्याच्यासमोर आला, पण उभा राहिला नाही. एकदम थांबायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्याचे पाय जागच्या जागी उचलत-टेकत राहिले. मनगटावरचे पावले मोजणारे घड्याळ इमानाने लुकलुकत होते.

"प्रांजलीची सुपारी हाये आज," आबाराव हँडलकडे पाहत म्हणाला. "पाव्हणे निघालेत बीडहून. काका आल्याशिवाय सुपारी फोडायची न्हाई म्हणून हटून बसलीय पोरगी."

रामप्रसादला बोलायचे होते. पण श्वास आणि शब्द एकाच वाटेने येतात, आणि ती वाट त्याच्या पायांनी अडवून धरली होती. "मंग... आसं... आधी सांगायचं..."

"काय सांगायचं? कोणाला?" आबारावचा आवाज चढला. "पोरीचं सांगून राह्यलो मी, आन् तू नाचून राह्यला!"

"थांबलोच की मी!"

"हे थांबणं हाये? जायचं तर जा. राह्यचं तर राह्य. हे मधलं काय काढलं तू? आईच्या तेराव्याला बी आसंच. एक पाय घरात, एक पाय गाडीत. ताटावर बस म्हणलं, तर म्हणे ड्यूटी हाये."

ड्यूटी त्या दिवशी खरोखरच होती. रामप्रसादला तसे सांगता आले असते. गेली कित्येक वर्षे तो मनातल्या मनात तसे सांगतच आला होता. पण त्याची नजर आपल्याच सावलीवर गेली. डांबरावर एक स्थूल, काळी आकृती कुठेही न जाण्यासाठी जिवाचा आटापिटा करत होती.

पाय थांबले. घड्याळाने तक्रारीची शिटी दिली. त्याने ती ऐकली नाही.

"आबा," तो म्हणाला, "पाव्हणे किती वाजता येतेत?"

आबारावने एकदाच त्याच्या पायांकडे पाहिले. मग खाली उतरून हँडल धरले, आणि मोटारसायकल ढकलत तो गावाच्या दिशेने चालू लागला.

डोळ्यांत उतरलेला घाम रामप्रसादने बाहीने पुसला, तेव्हा गाडीची मागची बाजू त्याला पहिल्यांदा दिसली. एरवी चाऱ्याच्या पेंढ्या लादून फाटलेल्या त्या सीटवर आज घरातली काळी घोंगडी होती. बैठकीत मानाच्या माणसाखाली अंथरायची, नीट घडी घातलेली, सुतळीने चारही बाजूंनी घट्ट बांधलेली.